तिसऱ्या रडण्याला पेटणारा दिवा

बारशाच्या दिवशी ताईला जे कळलं ते तिला कुणी सांगितलं नव्हतं.

ताई म्हणजे माझी थोरली बहीण. लहानपणी तिला मोठा ताप आला, तो डोक्यात गेला आणि दोन्ही कान घेऊन गेला. तोवर ती चांगली बोलायला शिकलेली होती, म्हणून बोलणं तेवढं राहिलं. फक्त आवाजाचा अंदाज गेला. कधी ती पुटपुटल्यासारखी बोलायची, कधी शेजारच्या घरात ऐकू जाईल इतकं मोठ्यानं. समोरच्या माणसाच्या ओठांवरून मात्र तिला जवळजवळ सगळं कळायचं. दाजी तिच्याशी बोलताना हातातलं काम थांबवून, तोंड तिच्याकडं करून बोलायचे. मला ते आवडायचे ते त्यामुळंच. त्यांचं घर बिडकीनच्या बाजूचं, शेतीचं. ते स्वतः चिकलठाण्याच्या एका कारखान्यात लेथवर होते आणि तिथंच दोन खोल्या भाड्यानं घेऊन दोघं राहत होते.

पहिलं बाळंतपण म्हणून ताई आमच्याकडं गारखेड्याला आली. ऐंशीच्या दशकातली ही गोष्ट. गारखेड्यात तेव्हा घरांपेक्षा मोकळे प्लॉट जास्त होते. दसऱ्याच्या सुमाराला तिला मुलगा झाला. बारशाला सासरची सगळी माणसं आली, घुगऱ्या वाटून झाल्या, पाळणा म्हणून झाला. ताई पाळण्याची दोरी धरून बसली होती. पलीकडं स्वयंपाकघराच्या दाराशी तिच्या सासूबाई आमच्या आईशी दबक्या आवाजात काहीतरी बोलत होत्या. मी तिथून दोन हातांवर होते, मलाही धड ऐकू आलं नाही. ताईनं खोलीच्या दुसऱ्या टोकाहून शब्द न् शब्द वाचला.

सासूबाईंचं म्हणणं असं होतं की माहेरपण संपलं की लेकरू गावाकडं आमच्यापाशी राहू द्या. चालायला-बोलायला लागलं की ही दोघं घेऊन जातील. दाजी पाळीवर जाणार, घरात दुसरं कुणी नाही, लेकराच्या आईला ऐकू येत नाही. लेकरू पाळण्यात रडून रडून निळं पडलं तरी कळायचं कुणाला? आमच्या आईला ते पटतही होतं. संध्याकाळी तिनं वडिलांना सांगितलं तर त्यांनीही मान हलवली. सासूबाई काही वाईट बाई नव्हत्या, आणि त्या म्हणत होत्या त्यात खोटं काहीच नव्हतं. अवघड होतं ते हेच.

दुसऱ्या दिवशी दुपारी ताईनं माझा हात धरून मला शेजारी बसवलं.

"ते बाळाला नेणार आहेत," ती म्हणाली. मग, "तू कॉलेजात तारा जोडत बसतेस. त्याचा काही उपयोग आहे, का नुसती परीक्षाच द्यायची?"

मी पॉलिटेक्निकमध्ये इलेक्ट्रॉनिक्सच्या डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला होते. वर्गात मुली अगदी मोजक्या. पण मला परीक्षेपेक्षा या गोष्टींची हौसच जास्त होती. जुन्या रेडिओतून काढलेले सुटे भाग मी बुटाच्या खोक्यात जपून ठेवायची आणि सुट्टीच्या दिवशी ते पसरून बसायची. बाळ रडलं की दिवा लागला पाहिजे, एवढंच ताईला हवं होतं. तिला वाचता येईल असं मी सावकाश म्हणाले, "होईल." कसं होईल ते मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

पहिलं यंत्र आठवड्यात झालं. एक छोटा माइक, त्याचा आवाज वाढवणारे दोन ट्रान्झिस्टर आणि पुढं दिवा. बाळ रडलं की दिवा लागायचा. पण कुकरची शिटी झाली तरी लागायचा, भांडं पडलं तरी लागायचा, शेजारच्यांनी रेडिओवर बातम्या लावल्या तर बातम्या संपेपर्यंत लागलेला राहायचा. ताई दर वेळी उठून पाळण्याशी जायची. बाळ शांत झोपलेलं असायचं. असं दोन दिवस चाललं आणि ती इतकी थकली की तिसऱ्या दिवशी खरंच बाळ रडत असताना दिव्याकडं बघूनही जागची हलली नाही. खोटं बोलणारा दिवा नसलेल्या दिव्यापेक्षा वाईट होता.

वाट सापडली ती ताईमुळं. ती बाळाजवळ झोपायची तेव्हा एक तळवा त्याच्या पोटावर ठेवून झोपायची. तो रडायला लागला की तिला हाताखाली कळायचं. एके दिवशी मी तिच्याजवळ तक्रार करत होते की यंत्राला रडणं आणि भांडं यातला फरकच कळत नाही. तिनं एक हात बाळाच्या पोटावर ठेवला आणि दुसऱ्या हातानं मला हवेत दाखवलं. हात वर, मग खाली. पुन्हा वर, पुन्हा खाली. "असं रडतो तो," ती म्हणाली. "ओढतो, सोडतो. भांडं एकदाच पडतं ना?"

इतकं सोपं होतं. बाळ एक हुंदका देतं, श्वास घेतं, पुन्हा देतं. भांडं एकदाच पडतं, शिटी एकदाच होते आणि बातम्या थांबतच नाहीत. म्हणजे यंत्राला नुसतं ऐकता येऊन भागणार नव्हतं, त्याला मोजता यायला हवं होतं. थोड्या वेळात एकापाठोपाठ एक असे तीन आवाज झाले तरच दिवा लावायचा. मध्ये शांतता पडली तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून.

मोजण्याचं काम करणारा आयसी मिळत होता, ४०१७ नावाचा. सोळा पायांचा काळा तुकडा, खारकेच्या बीएवढा. त्याला एकेक ठोका दिला की त्याचा एकेक पाय क्रमानं जागा होतो. आमच्या कॉलेजात प्रयोगाला वेगळ्या मालिकेतले आयसी वापरायचे. त्यांना मोजून पाच व्होल्टच लागायचे, आणि काही काम नसलं तरी ते सेल पीत बसायचे. हा ४०१७ आणि त्याच्या मालिकेतली भावंडं मात्र साध्या नऊ व्होल्टच्या चौकोनी बॅटरीवर चालायची, आणि गप्प असताना जवळजवळ काहीच खायची नाहीत. दिवसभर बाळाच्या पहिल्या हुंदक्याची वाट बघत बसणाऱ्या यंत्राला असाच आयसी हवा होता.

हे आयसी शहागंजात, घड्याळाच्या मनोऱ्यामागच्या गल्लीतल्या एका दुकानात मिळायचे. दुकानदार चाचा रेडिओ दुरुस्त करायचे आणि काउंटरखालच्या डब्यात सुटे भाग ठेवायचे. "क्या होना बेटा?" म्हणून विचारायचे आणि आयसी चंदेरी पन्नीत गुंडाळून हातावर ठेवायचे. मी घरी आले, पन्नी उलगडली, आयसी बोर्डावर बसवला. दिवा लागला नाही. सगळी जोडणी पुन्हा तपासली. नाहीच. दुसरा आयसी आणला. तो थोडा वेळ मोजत होता, मग तोही गप्प झाला. तिसरा तर हात लावला तेव्हा गरम लागत होता.

मी चाचांकडं गेले आणि म्हणाले की तुमचा माल खराब आहे. ते रागावले नाहीत. डब्यातले दोन आयसी काढून त्यांनी माझ्यासमोर स्वतःच्या बोर्डावर लावून दाखवले. दोन्ही व्यवस्थित चालत होते. "मैं तो बंबई से जैसा आया वैसाइच देतौं," ते म्हणाले. त्यांच्याकडं चालणारा आयसी माझ्याकडं आला की मरत होता. मी आणखी दोन घेऊन परत आले. डिसेंबर संपत आला होता. संक्रांत झाली की ताई चिकलठाण्याला परत जाणार, आणि सासूबाई बाळाला न्यायला येणार असं ठरलेलं होतं.

त्या दिवशी थंडी कडक होती. आमच्याकडं हिवाळ्यात हवा इतकी कोरडी होते की ओठ फुटतात, टाचा फुटतात. मी ताईच्या खोलीत गेले. बाळंतिणीची खोली म्हणून खिडक्या बंद, आत शेगडी, ओव्याचा धूर आणि भर दुपारी अंधार. आत उकडलं म्हणून मी स्वेटर डोक्यावरून काढला. तडतड आवाज झाला, रोजच व्हायचा. ताई एकदम उठून बसली.

"तुझ्या अंगातून ठिणग्या निघाल्या," ती म्हणाली.

मला वाटलं शेगडीतली ठिणगी असेल. तिनं मला पुन्हा स्वेटर घालायला आणि काढायला लावला. या वेळी मी खाली बघितलं. माझ्या नायलॉनच्या साडीवर, पदराच्या घडीत, निळ्या बारीक ठिणग्या धावत होत्या. तडतड मी कित्येक हिवाळे ऐकत आले होते, पण उजेडात कधी काही दिसलं नव्हतं आणि अंधारात मी कधी खाली बघितलं नव्हतं. ताईला तो आवाज येतच नव्हता, म्हणून तिनं बघितलं होतं.

मग पुस्तकातली एक ओळ आठवली. या मालिकेचे आयसी हाताळताना काळजी घ्या, एवढंच तिथं लिहिलेलं होतं. मी काळजी म्हणजे ते खाली पाडायचे नाहीत असं समजले होते. त्यांच्या आत काचेसारखा अतिशय पातळ पापुद्रा असतो आणि अंगावरची वीज बोटातून आयसीच्या पायात उतरली की तो जळून जातो. बाहेरून काही दिसत नाही. मी माझ्या हातांनीच एकेक आयसी मारत होते, स्वेटर घालून, नायलॉनच्या साडीत, प्लॅस्टिकच्या चटईवर बसून.

चाचांना हे सांगितलं तेव्हा ते खूप हसले. पन्नी असते ती पाय वाकू नयेत म्हणून, असं ते इतकी वर्षं समजत होते.

त्यानंतर मी आईची जुनी सुती साडी नेसून उघड्या फरशीवर बसायला लागले. मनगटाला तार गुंडाळून, मध्ये एक मोठा रेझिस्टर घालून, दुसरं टोक मोरीतल्या नळाला बांधलं, म्हणजे अंगावरची वीज नळातून जमिनीत जाईल. आई दारात येऊन बघत राहिली. पोरीला नळाला बांधलंय असं शेजारणीनं बघितलं तर काय सांगू, असं ती म्हणाली. पण त्या दिवसापासून एकही आयसी मेला नाही.

तरी यंत्र सरळ झालं नव्हतंच. दिवा आता रडण्याला लागायचा, पण पाळण्याजवळ कुणाचा हात गेला तरी लागायचा. हात नुसता जवळ नेला की लुकलुक. आईला ते भुताटकीसारखं वाटलं. मी कॉलेजच्या वाचनालयात जाऊन आयसीच्या माहितीचं जाडजूड पुस्तक काढलं आणि एकेक पाय तपासला. एका पायाला मी काहीच जोडलेलं नव्हतं. आमच्या प्रयोगातल्या आयसींत मोकळा सोडलेला पाय नेहमी ठरलेलंच वागायचा. या मालिकेत तसं नव्हतं. इथं मोकळा पाय हवेतलं काहीही पकडायचा, हाताची सावलीसुद्धा. तो बॅटरीच्या ऋण टोकाला जोडला आणि भूत गेलं.

त्याच संध्याकाळी आणखी एक गोष्ट झाली. दिवा लावण्याआधी यंत्रातल्या रिलेचा, म्हणजे विजेनं आपोआप दाबल्या जाणाऱ्या बटणाचा, टक असा आवाज व्हायचा. बाळ रडत होतं, तिसऱ्या हुंदक्याला टक झालं, आणि ते रडता रडता थांबून आवाजाच्या दिशेनं मान वळवून बघायला लागलं. थोड्या वेळानं पुन्हा रडलं, पुन्हा टक, पुन्हा मान वळली. आई दारात उभी होती. ती तिथंच खाली बसली आणि पदर डोळ्यांना लावला. ताईचे कान तापानं गेलेत, बाळाला काही धोका नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलेलं होतं. तरी तीन महिने घरातल्या प्रत्येकाच्या मनात तो प्रश्न होता आणि कुणी तो तोंडातून काढत नव्हतं. आईनं त्या दिवशी सगळ्यांसाठी शिरा केला. का केला ते कुणी विचारलं नाही.

दाजी रविवारी सायकलवरून यायचे. स्वतःच्या आईला नाही म्हणायची त्यांच्यात हिंमत नव्हती आणि बाळाला पाठवायचीही तयारी नव्हती, त्यामुळं ते या विषयावर बोलतच नसत. एका रविवारी ते माझ्या शेजारी येऊन बसले, दिव्याकडं बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "हे जागेपणी ठीक. ती झोपली म्हणजे?"

मी त्यावर विचार केला होता. टेपरेकॉर्डरची छोटी मोटर उशीखाली ठेवायची आणि तिच्या दांड्यावर एका बाजूला वजन बसवायचं. मोटर फिरली की वजनामुळं ती थरथरते. पण मी चिकटवलेलं वजन दर वेळी उडून जायचं. दाजींनी मोटर खिशात घातली आणि गेले. पुढच्या रविवारी परत आणली तेव्हा तिच्या दांड्यावर पितळेचा एक तुकडा होता, एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला पातळ. लेथवर केलेला, आरशासारखा घासलेला. त्यांनी स्वतः तो उशीखाली ठेवून त्यावर डोकं टेकवलं आणि मला चालू करायला सांगितलं. मग उठून बसले आणि हसले. आईला नाही म्हणायची त्यांची रीत ती होती, असं मला आजही वाटतं.

संक्रांत झाली आणि ताई बाळाला घेऊन चिकलठाण्याला गेली. मी यंत्र घेऊन बरोबर गेले. सासूबाई आधीच गावाहून येऊन बसल्या होत्या. बाळाची दुपटी बांधायला नवं सुती कापडही आणलं होतं. दाजींनी त्यांना काय सांगितलं होतं कुणास ठाऊक, पण त्या मला म्हणाल्या की चार दिवस राहते, बघते, मग ठरवते.

त्यांनी खरोखर बघितलं. पाळण्याजवळ तांब्या आपटला. दिवा लागला नाही. दार धाडकन लावलं. नाही लागला. मग तीन टाळ्या वाजवल्या आणि दिवा लागला.

"टाळ्यांनी बी लागतंय की," त्या म्हणाल्या.

"हो मावशी. तीन टाळ्या वाजल्या तर ताई उठून बघेल. तेवढंच होईल."

त्यांनी यावर विचार केला. "उठून बघितलं तर बिघडत नाय काय," त्या म्हणाल्या. मग पुढचा प्रश्न. "आन् लाईट गेल्यावर?"

मी मेन स्विच बंद केला. यंत्र बॅटरीवर होतं, दिवा टॉर्चमधला होता, मोटर सेलवर होती. त्यांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या आणि दिवा लागला. आणलेल्या कापडाची घडी त्यांनी त्या दिवशी मोडली नाही.

मला कॉलेज होतं, म्हणून मी तिसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा गेले. ताई जेवून आतल्या खोलीत झोपली होती, बाळ पाळण्यात. सासूबाई बाहेरच्या खोलीत हरभऱ्याची भाजी निवडत होत्या. मीही बसले. त्या म्हणाल्या की आज कुणी आत जायचं नाही, काय होतं ते बघू. दोन दिवस बाळ रडलं की त्याच आधी उठत होत्या, त्यांना राहवत नव्हतं. आज त्यांनी ठरवलं होतं.

भाजी निवडत आम्ही इकडचं-तिकडचं बोललो. मग बाळ रडलं. एकदा. थांबलं. पुन्हा. मग जोरात. माझे हात थांबले, त्यांचेही थांबले. तीन झाले होते, चार झाले होते. आता ताई उठेल, आता गप्प होईल म्हणून मी पडद्याकडं बघत राहिले. बाळ गप्प होईना. उलट आवाज चढत गेला. सासूबाईंनी माझ्याकडं बघितलं. मी मनातल्या मनात सगळी जोडणी उलगडत होते. बॅटरीची तार निघाली असेल. मोटर उशीतून सरकली असेल. आयसी मेला असेल, इथं कुणीतरी लोकरीचं काही घालून त्याला हात लावला असेल. बाळ आता किंचाळत होतं. मला बसवेना, पण आत जायचं नाही असं ठरलं होतं.

सासूबाई उठल्या. गुडघ्यावर हात देऊन उठल्या आणि त्यांनी पडदा बाजूला केला. आणि तिथंच थांबल्या.

मी त्यांच्या खांद्यावरून बघितलं. ताई खाली बसली होती. ओलं लंगोट बाजूला पडलं होतं, आणि ती बाळाला ओल्या फडक्यानं पुसत होती. ते हातपाय झाडत ओरडत होतं आणि ती त्याच्याशी तिच्या त्या पुटपुटत्या आवाजात काहीतरी बोलत होती. पाळण्याशी दिवा लुकलुकत होता. उशीखाली मोटर अजून घुरघुरत होती, बंद करायलाही तिनं वेळ घालवला नव्हता. आमच्या सावल्या पडल्या तशी तिनं वर बघितलं.

"पाणी गार लागलं त्याला," ती म्हणाली, जरा मोठ्यानंच. "म्हणून रडतोय. तुम्ही का उठलात?"

सासूबाईंनी पडदा सोडला आणि परत येऊन भाजीपाशी बसल्या. मीही बसले. हसू येत होतं आणि हसताही येत नव्हतं. थोड्या वेळानं आतला आवाज थांबला. बाळ दूध प्यायला लागलं असणार.

सासूबाईंनी भाजीची एक काडी उचलली आणि तशीच हातात धरून बसल्या. मग त्यांनी मला जे सांगितलं ते दाजींनाही धड ठाऊक नव्हतं. दाजींच्या आधी त्यांना एक मुलगी झाली होती. सुगीचे दिवस होते, खळ्यावर मळणी चाललेली. मुलीला कडुलिंबाच्या झाडाला झोळी बांधून निजवलं होतं, हाक मारली तर ऐकू जाईल एवढ्या अंतरावर. वारं उलट्या बाजूचं होतं, बैलांचा आणि माणसांचा गलका होता. त्या दूध पाजायला गेल्या तेव्हा झोळीत इंगळी होती, काळा मोठा विंचू, आणि मुलगी गेलेली होती. मुलगी रडली असणार, बराच वेळ रडली असणार.

"मला तर दोन्ही कान होते, पोरी," त्या म्हणाल्या.

त्यांनी पदरानं तोंड पुसलं आणि पुन्हा भाजी निवडायला लागल्या. मीही माझी पेंढी पुढं ओढली. आम्ही दोघींनी मिळून सगळी भाजी निवडली.

संध्याकाळी दाजी कारखान्यातून आले. सासूबाईंनी त्यांना चहा दिला आणि म्हणाल्या, "राहू दे लेकरू हितंच. मी येत जाईन अधूनमधून." दाजी हो म्हणाले, कप खाली ठेवला आणि तोंड धुवायला मोरीत गेले. ते बराच वेळ तोंड धूत होते. ताई आमच्याकडं बघत होती. तिनं सासूबाईंच्या ओठांवरून ते वाचलं होतं, पण तिला ते खरं वाटत नव्हतं. तिनं मला विचारलं की त्या काय म्हणाल्या. मी सांगायच्या आत सासूबाई तिच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या आणि तेच वाक्य पुन्हा म्हणाल्या, दाजी बोलायचे तसं, तोंडाकडं तोंड करून, सावकाश.

मी सिटी बसनं गारखेड्याला परत निघाले तेव्हा अंधार पडायला लागला होता. बसमध्ये मला इतकी भूक लागली की पोटात कळ आली. गेल्या कित्येक आठवड्यांत आपण चवीनं जेवलेलो नाही हे तेव्हा लक्षात आलं. घरी येऊन आईला बातमी सांगितली, तिनं देवापुढं साखर ठेवली, आणि मी तिथंच ओट्याशी उभी राहून गरम भाकरी आणि ठेचा खाल्ला. वडील शेजारी उभे राहून विचारत होते की नक्की काय झालं, आणि मी तोंडात घास असताना पहिल्यापासून सांगत होते.

ते यंत्र चांगलं टिकलं. बॅटरी अधूनमधून बदलावी लागली, मोटर एकदा बदलली, पण आयसी तेच राहिले. पुढं मुलगा बोलायला लागला तेव्हा त्याला एवढं कळलं होतं की आईला एकदा हाक मारून चालत नाही. तो "आई, आई, आई" म्हणून गप्प बसायचा आणि दिव्याकडं बघायचा. सासूबाईंनी गावात ही गोष्ट घरोघर सांगितली. पुढच्या वर्षी दाजींबरोबर निरोप आला की म्हैस विणार आहे, गोठा लांब आहे, तिला असलं काही बसवता येईल का. मी सांगितलं की म्हैस तीनदा हंबरेलच असं मला सांगता येणार नाही. निरोप गेला आणि उलट निरोप आला की हंबरती, तू ये तर खरी. मी काही गेले नाही, म्हैस आपली आपण व्याली, आणि खरवसाचा डबा मात्र गारखेड्याला आला.

पण मला या सगळ्यात जास्त आठवते ती एक साधी दुपार. सासूबाई गावी गेल्यानंतर महिनाभरानं मी कॉलेजातून सुटून परस्पर चिकलठाण्याला गेले होते. दार नुसतं लोटलेलं होतं. आत बाळ पाळण्यात झोपलेलं, आणि खाली ताई, तोंड जरासं उघडं, घोरत. पोरसवदा वयापासून ती सावध झोपायची. कुणी आलं-गेलं ते कळावं म्हणून दाराकडं तोंड करून, जरा हललं तरी डोळे उघडणारी. त्या दिवशी तिची पाठ दाराकडं होती. मी चपला काढल्या, पिशवी ठेवली, पाणी प्यायले, तरी ती हलली नाही. मी तिला उठवलं नाही. स्टोव्ह पेटवला आणि स्वतःसाठी चहा ठेवला.